झरोका बोटभर उघडा

आमच्याकडे गाडी बनवून घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट ही सांगते की पाणी खोटारडं असतं. दिसतं एका ठिकाणी, शिरलेलं असतं भलत्याच ठिकाणाहून. ओल दिसली तिथे पुट्टी फासत बसू नका, आधी ते आलं कुठून ते शोधा. हे मी इतक्या लोकांना ऐकवलंय की माझा नवरा आता माझ्या मागे उभा राहून नुसते ओठ हलवतो.

आमचा धंदा ट्रकच्या पाठीवर घर चढवण्याचा. छोटा ट्रक असतो, त्याच्या हौद्यात बसेल अशी एक खोली आम्ही बांधतो. आत ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, बसायचा बाक. ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला जो भाग असतो त्याला आम्ही चोच म्हणतो, तिथे गादी टाकून झोपायचं. लाकूडकाम, गाद्या, पडदे, गिऱ्हाइकं आणि भांडणं माझ्याकडे. पत्रा, सांधे आणि वायरिंग दादाकडे. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून तो मुलाकडे राहायचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि रोज कामाला यायचा. माझं घर कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणातल्या सगळ्या गाड्यांची छतं दिसतात.

माझा स्वभाव संशयी, हे मला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ऐकवून झालंय. लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. मी तोंड पोळायची वाट बघत नाही, इतकाच फरक. या धंद्यात त्याचा उपयोग होतो. सुतार म्हणतो लाकूड सुकलेलं आहे, मी नखाने टोचून बघते. दुकानदार म्हणतो फोम नवा आहे, मी वास घेते. फक्त दादाच्या कामावर मी कधी नख लावलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. नर्सबाईंची गाडी तयार होत आली होती. या बाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, नवरा अबोल, आणि दोघांना गाडी घेऊन लांब फिरायला जायचं होतं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांशेजारी रात्री काढल्या. आता माझी खाट घेऊन हिंडणार." मला बाई आवडल्या. म्हणून त्यांच्या गादीचं कापड मी स्वतः शिवलं.

एका सकाळी पडदे लावायला चोचीत चढले आणि हात गादीखाली गेला, तर गार लागला. गादी उचलली. खालचं प्लायवुड ओलं होतं आणि खिडकीच्या काचेवरून बारीक ओघळ आले होते. महिनाभर पाऊस नव्हता. माझ्या डोक्यात एकदम आग पेटली, कारण नव्या गाडीत ओल म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडून आमची बदनामी, आणि ही बाई तर मेलेल्या माणसाची नाडीसुद्धा दोनदा तपासणारी.

"दादा!" मी तिथूनच ओरडले. "वर ये आणि बघ!"

दादा शिडीवर चढला, हाताने ओल पाहिली, चोचीच्या वरच्या सांध्याकडे नजर टाकली आणि म्हणाला, "राहिलं असेल माझ्याकडून."

आता हे वाक्य दादाच्या तोंडचं नव्हे. उभ्या आयुष्यात त्याने सांध्याची चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. एकदा एक माणूस गळकं छत घेऊन आला होता, तर दादाने अर्धा दिवस छतावर रांगून, त्या माणसाने सामानाचं कॅरिअर बसवायला स्वतःच पाडलेलं भोक त्याला दाखवलं होतं. दादाचं म्हणणंच असं, की माझा सांधा गळत नाही, गिऱ्हाईक गळतं. आणि तोच आज पहिल्या झटक्यात, वाद न घालता, खाली मान घालून म्हणतो की माझ्याकडून राहिलं असेल. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते फक्त प्लायवुडात नव्हतं.

मी माझी तपासणी सुरू केली. आतून सगळ्या सांध्यांवर खडूची पूड फासली, म्हणजे थेंब जरी शिरला तरी रेघ दिसावी. नवऱ्याला बाहेर शिडीवर चढवलं आणि पाण्याचा पाइप हातात दिला. मी आत टॉर्च घेऊन बसले. नवरा शाळेची बस चालवतो, त्यामुळे कोणी आतून ओरडलं तरी शांतपणे हातातलं काम करत राहायची त्याला सवय आहे. त्याने छत, बाजू, खिडक्या सगळं न्हाऊ घातलं. पूड कोरडी ठणठणीत.

"गळत नाही," नवरा म्हणाला. "विषय संपला."

"दिवसा नाही गळायचं," खालून दादा म्हणाला. "रात्री थंडीने पत्रा आकसतो. सांध्याचं तोंड उघडतं, दव आत शिरतं. ऊन लागलं की परत मिटतं."

मला ते पटलं. धंद्यातल्या माणसालाच पटेल असं ते होतं. नवऱ्यासारखा साधा माणूस म्हणणार, पाणी मारलं, आत आलं नाही, घरी चला. आम्ही पडलो शहाणे. पत्रा आकसतो हे आम्हाला माहीत, दव कसं शिरतं हे माहीत, त्यामुळे जे घडतच नव्हतं त्याचंही कारण आम्हाला बरोब्बर सापडलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा ओल. शिवाय आतल्या दिव्या-पंख्यासाठी मी पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उतरलेली. "कुठेतरी करंट खातंय, बघतो," दादा म्हणाला, आणि बघितलं नाही. एक तर सांधा कच्चा, वर वायरिंग कच्चं. मी मनात म्हटलं, दादाचा हात गेला, नाहीतर मन तरी गेलं.

मग मी दादाकडेच बघायला लागले. आणि एकदा बघायला लागलं की दिसायला काय कमी. सकाळी मी फाटक उघडायला जावं तर ते आधीच उघडं, दादा आंघोळ करून, भांग पाडून कामाला लागलेला, आणि कारखान्याच्या नळाजवळच्या तारेवर ओला टॉवेल. पूर्वी सूनबाईंनी दिलेला डबा असायचा, तो बंद झाला होता. विचारलं तर म्हणे, बाहेर खाल्लं. संध्याकाळी सगळे गेले तरी त्याचं काहीतरी उरलेलंच. "तू जा, मी कुलूप लावतो." फोन आला की पाठ करून बोलायचा.

आणि मग मी त्याला समोरच्याच्या बाकावर पाहिलं. रस्त्यापलीकडे आमच्यासारखाच एक कारखाना आहे. त्याच्या मालकाला आम्ही चकाचक म्हणतो, कारण त्याच्या गाड्या बाहेरून लखलखतात आणि आत काय असतं ते आमच्याकडे दुरुस्तीला आल्यावर कळतं. तर दादा आणि चकाचक एका बाकावर, हातात चहा, डोकी जवळ. मला बघून दादा उठला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, मी मनाशी म्हटलं. सगळा हिशेब लागला. दादा रात्री त्याच्याकडे काम करतो, तिथेच जेवतो, सकाळी परस्पर इथे येतो. आपल्या कामात मन नाही, म्हणून सांधे कच्चे. उद्या तो तिकडे जाणार आणि आमची गळकी गाडी नर्सबाई गावभर दाखवणार. संशयी माणसाची हीच गंमत असते. त्याला सगळं दिसतं, आणि सगळं तो चुकीच्या खणात नेऊन ठेवतो.

मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काहीतरी सांगणार आणि मग मला ते खरं मानावं लागणार. त्यापेक्षा मी सरळ घाव घातला.

"दादा, या गाडीच्या सांध्यांना तू हात लावू नकोस. मी बाहेरचा माणूस बोलावलाय."

तो पकडीने वायर सोलत होता. हात थांबला. मला वाटलं आता भडका उडणार, आणि खरं सांगायचं तर मला तो हवाही होता. पण तो म्हणाला, "बरं."

बाहेरचा माणूस आला. त्याने दादाने सांध्यांत भरलेला सगळा मसाला खरवडून काढला आणि नवा भरला. दादा त्याची शिडी धरून उभा होता. मी सांगितलं नव्हतं, तो आपणहून उभा राहिला, आणि वरून त्याच्याच कामाचे तुकडे त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होते. मी पडदे शिवायचं निमित्त करून आत गेले. वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

आणि पुढच्या सकाळी पुन्हा काच ओली, गादीखाली पुन्हा ओल.

तेव्हा मात्र मला खात्रीच पटली. नवा सांधाही जर रात्रीतून गळत असेल तर कोणीतरी मुद्दाम करतंय. किल्ल्या दोघांकडेच, एक माझ्याकडे आणि एक दादाकडे. जेवताना मी नवऱ्याला सांगून टाकलं, "नर्सबाईंची गाडी गेली की मी दादाला मोकळा करणार. जाऊ दे त्याला समोर."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "दादाला? तुझ्या दादाला?"

"माझा आहे म्हणूनच इतके दिवस सहन केलं."

"तो या कारखान्यातून गेला तर जाणार कुठे?"

"मुलाचं घर आहे की," मी म्हटलं. नवऱ्याने त्या रात्री भांडी जरा जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई आणि त्यांचे यजमान गाडी समजून घ्यायला आले. गाडी हातात देण्याआधी मी गिऱ्हाइकाचा वर्ग घेते, त्यात सूट नाही. त्या दिवशीही घेतला. दादा मागच्या दारापाशी बिजागरीचे स्क्रू आवळत होता.

"जड सामान खाली, आणि मागच्या चाकांच्या पुढे," मी सांगत होते. "डबे, पाणी, हत्यारं, सगळं. मागे लटकवाल तर गाडीचं नाक वर होईल आणि स्टिअरिंग हलकं लागेल. हलकं लागतंय म्हणून खूश होऊ नका, घाबरा. ही खोली हौद्याला या चार पट्ट्यांनी बांधलेली आहे. खराब रस्ता लागला की पहिल्या थांब्यालाच खाली उतरून चारही ओढून बघायच्या, त्या सैल झालेल्या असतातच. सिलिंडरचं कपाट वेगळं आहे, त्याला तळाशी भोक दिसतंय का? गॅस जड असतो, खाली बसतो, तो बाहेर जायला ही वाट आहे. थंडी वाजते म्हणून तिथे चिंधी कोंबायची नाही."

"अशी माणसं असतात?" बाईंनी विचारलं.

"चिंधी कोंबून वर आमच्याकडे तक्रार घेऊन येणारी असतात. छतावर चढलात तर पाय पट्ट्यांवर द्यायचा, मधे नाही. छताला एकही स्क्रू मारायचा नाही, देवानं सांगितलं तरी. आणि हा वरचा झरोका. झोपताना याचं झाकण बोटभर उघडं ठेवायचं, कितीही थंडी असो."

"का बरं?"

"नाहीतर सकाळी सगळं ओलं. माणूस झोपेत श्वासातून किती पाणी सोडतो याची कल्पना नसते लोकांना. ते गार काचेवर बसतं, गादीखाली बसतं. मग लोक येतात बोंबलत, छत गळतंय, छत गळतंय."

बाईंनी वर झरोक्याकडे पाहिलं. "मग ओळखायचं कसं? छताचं पाणी कुठलं आणि श्वासाचं कुठलं?"

"सोपं आहे. छताचं पाणी एका जागेवरून येतं आणि मागे डाग ठेवतं. श्वासाचं पाणी काचभर असतं आणि जिथे माणूस झोपतो तिथे गादीखाली असतं. मी तर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारते, की रात्री आत झोपलं कोण होतं?"

आणि मी गप्प झाले.

मागच्या दाराशी स्क्रू आवळायचा आवाजही थांबला होता. मी वळून पाहिलं नाही, माझी हिंमतच झाली नाही. मी झरोक्याकडे पाहिलं. त्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं. दादा कुठलीही गाडी अंगणात उभी केली की ते झाकण बोटभर उघडून ठेवतो, गाडीला श्वास घेऊ द्यावा म्हणतो. या एका गाडीचं झाकण इतके दिवस बंद होतं. ते उघडं असतं तर त्यातून रात्री आतला उजेड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसला असता, आणि मी, संशयी बाई, टॉर्च घेऊन आले असते.

ओटा कसा पुसायचा, टायरमध्ये हवा किती ठेवायची, बॅटरी निम्म्याखाली का जाऊ द्यायची नाही, पुढचं सगळं मी कसंबसं सांगितलं. नर्सबाई जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचं अंग गार पडलंय. गोड काहीतरी खा." परवा गाडी न्यायला येतो म्हणून ते दोघे गेले.

मी घरात आले आणि दादाच्या मुलाला फोन लावला. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "आत्या, मीच करणार होतो फोन. बाबा बरे आहेत ना तुझ्याकडे? जेवतात ना नीट? फोनवर काही सांगतच नाहीत. दुसरं बाळ आल्यापासून इथे पाय ठेवायला जागा नाही, त्यांची खोलीही बाळाच्या सामानाने भरली. हॉलमध्ये झोप लागायची नाही त्यांना. तू आग्रह करून बोलावलंस हे फार बरं केलंस."

"हो," मी म्हटलं. "जेवतो नीट."

पोरावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार काय? त्याला सांगितलं होतं बहिणीकडे राहतो. मला काही सांगितलंच नव्हतं. मुलाला वाटत होतं बाप माझ्याकडे आहे, मला वाटत होतं भाऊ मुलाकडे आहे, आणि तो मधल्यामधे चोचीत झोपत होता. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. रडले, आणि रडतानाही मला त्याचाच राग येत होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी अंगणात गेले. दादा हत्यारं पुसत होता. मी काही न बोलता गाडीत चढले, हात वर करून झरोक्याचं झाकण बोटभर उघडलं आणि खाली उतरले.

"दादा, झोपताना हे उघडं ठेवत जा."

त्याने फडकं खाली ठेवलं नाही, हातातला पाना पुसतच राहिला. तो पाना आधीच स्वच्छ होता.

"बॅटरी?" मी विचारलं.

"पंखा लावायचो. ओल जरा कमी होईल म्हणून."

"आणि समोर चकाचककडे?"

"त्याच्या मेहुण्याची खोली भाड्याने मिळते का विचारत होतो. नाही मिळत."

माझा तोल सुटला. "माझ्या घराची माडी रिकामी पडलीये, दादा! फोमच्या तुकड्यांनी भरलीये नुसती! आणि तू माझ्या खिडकीखाली, गिऱ्हाइकाच्या गादीवर, झाकण लावून गुदमरत झोपतोस? मी तुझी कोण आहे?"

"बहीण आहेस. पण घर तुझ्या नवऱ्याचंही आहे. आणि तुझ्या दारात उभं राहून 'मला झोपायला जागा दे' म्हणायला जीभ रेटेना."

"आणि 'माझा सांधा गळतो' म्हणायला रेटली? सगळ्यांदेखत? त्या उपऱ्याची शिडी धरायला?"

दादाने पाना जागेवर ठेवला.

"ते खोटं होतं," तो म्हणाला. "म्हणून बोलता आलं."

मी त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि त्यातच नाक पुसलं, तर नाकाला ग्रीस लागलं. ते बघून तो हसला, कितीतरी दिवसांनी. मग गाडीजवळ जाऊन त्याने चोचीच्या सांध्यावर अंगठ्याचं नख दाबलं, बाहेरच्या माणसाच्या कामावर, आणि चेहरा वाकडा केला.

"हे काय भरलंय त्याने? शेंबूड? हे पहिल्या पावसात सुटेल."

"मग काढ."

"काढणारच. माझा सांधा कधी गळला नव्हता, सांगून ठेवतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला आधीच माहीत असायला हवं होतं."

त्याने दिवा लावून तो मसाला खरवडायला घेतला, आणि या वेळी शिडी मी धरली. नवऱ्याने तोवर माझा आरडाओरडा ऐकून, न विचारता माडीवरचा सगळा फोम खाली आणून पडवीत रचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी गाडीत चढले. काच कोरडी होती, गादीखालचं प्लायवुड कोरडं होतं. मग अंगणात उभं राहून मी वर माडीकडे पाहिलं. तिथली खिडकी घट्ट बंद होती आणि तिची काच आतून पांढरी झाली होती, वरपासून खालपर्यंत. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "दादा, अरे, खिडकी बोटभर उघडी ठेवायला तुला आता मीच शिकवू का?"